साडूभाऊंची वाचलो-पेटी

‘हे कोणी केलं?’ हा प्रश्न न विचारता जगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधायचा झाला, तर एकच सापडेल आणि तो माझा साडू आहे. कपबशी फुटो, दूध उतू जावो, भर पंगतीत वरबापाच्या धोतरावर वरण सांडो, या गृहस्थाच्या तोंडून ‘कोणी’ हा शब्द निघत नाही. ‘काय झालं? आन् कसं झालं?’ एवढे दोनच प्रश्न, आणि मग खिशातून वही. मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. माझा सगळा धंदा ‘कोणी’वर चाललेला. फळ्यावर चित्र कोणी काढलं, डस्टर कोणी लपवलं, मागच्या बाकावरून मांजर कोणी ओरडलं. त्यामुळे सुरुवातीची कैक वर्षं मला साडूभाऊ हा प्रकार समजलाच नाही, आणि खरं सांगायचं तर तो समजून घेण्याची मला फारशी गरजही वाटली नाही.

साडूभाऊ मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे, आता लातुरात घर बांधून राहिलेले. नोकरी मात्र सगळी हैदराबादेत झाली, विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात. तिथं युरोपातल्या कंपन्यांची विमानं यायची आणि विमानांच्या मागोमाग त्यांचे नियमही यायचे. नोकरीच्या अखेरच्या काळात त्या नियमांत एक नवं प्रकरण दाखल झालं, सुरक्षेच्या व्यवस्थेचं. नुसता पाना फिरवता आला म्हणजे भागलं असं नाही. काय बिघडू शकतं ते आधी हुडका, किती वेळा बिघडेल आणि किती वाईट बिघडेल ते मोजा, उपाय करा, उपाय लागू पडला का ते बघा, आणि थोडक्यात हुकलेली प्रत्येक गोष्ट लिहून कळवा. प्रामाणिक चूक कळवणाऱ्याला शिक्षा नाही. बाकीच्यांनी हे प्रकरण परीक्षेपुरतं पाठ केलं. साडूभाऊंना ते लागलं. एखाद्याला भजनाचं वेड लागतं तसं लागलं. त्यात म्हणे असंही एक वाक्य आहे, की ही व्यवस्था संस्थेच्या आकाराला साजेशी असावी. साडूभाऊंनी त्याचा अर्थ असा काढला की संस्था कितीही लहान असू शकते. दोन माणसं आणि एक गॅसची शेगडी असली, की झाली संस्था.

निवृत्त होऊन ते लातुरात आले आणि त्यांच्या टापूतला एकही माणूस सुटला नाही. एसटीत बसले की आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठं आहे ते बघणार, ती उघडते का ते ढकलून बघणार, मग पुढं जाऊन ड्रायव्हरला विचारणार, ‘भाऊ, रातच्याला झोप झाली का चांगली?’ एका ड्रायव्हरनं चिडून विचारलं, ‘का, पोरगी द्यायची हाय का?’ साडूभाऊंनी शांतपणे वहीत लिहिलं : चालक जागा आहे. मुरुडच्या एका लग्नात मुहूर्त तासभर अलीकडं आला, तेव्हा सगळे भटजींच्या मागं धावत होते आणि साडूभाऊ आचाऱ्यापाशी जाऊन उभे. ‘बदल झाला की धोका नव्यानं मोजायचा असतो,’ असं म्हणत त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर पाच घरं आडवी, पाच घरं उभी असा तक्ता आखला. आचारी म्हणाला, ‘काका, सोंगट्या बी आना.’ पण त्या तक्त्यामुळेच ध्यानात आलं, की भाताचं मोठं पातेलं उतरवणारी दोन माणसं नव्या वेळेला वरातीत नाचत असणार. वाढायच्या ऐन वेळी पातेलं एकट्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हातात आलं असतं. माणसं बोलावून आणली, भात नीट उतरला, आणि काहीच झालं नाही म्हणून कोणी साडूभाऊंचे आभारही मानले नाहीत. त्यांच्या विद्येचं हेच दुखणं आहे. ती लागू पडली की दिसत नाही.

घरी मेहुणीबाईंनी लोणच्याची बरणी फ्रिजवर ठेवली तर हे खालून बघणार आणि म्हणणार, ‘शक्यता चार, परिणाम तीन.’ मेहुणीबाई म्हणणार, ‘बरणी माझ्या आईची हाय.’ मग हे दुरुस्ती करणार, ‘परिणाम पाच.’

आमच्या घरी त्यांनी पेटी लावली ती सासूबाईंमुळे. सासूबाई आमच्याकडेच असतात. एकदा त्यांचा पाय ओल्या फरशीवरून सटकला आणि दाराची कडी हाती लागली म्हणून त्या पडता पडता राहिल्या. सगळे म्हणालो, ‘वाचलो बाबा!’ सासूबाईंनी स्वतःवरूनच मीठमिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायला लावल्या आणि विषय मिटला. साडूभाऊ तेव्हा मुक्कामाला होते. ते म्हणाले, ‘आत्या, दृष्ट काढा, माझं काही म्हणणं न्हाई. पण फरशी कशानं ओली झाली, ते बी लिहा की. वाचलो म्हणलं की माणूस विसरून जातो. वाचलो म्हणलं की लिहायचं.’ दुसऱ्या दिवशी कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून लाकडी पेटी आली. वर फट, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. चिठ्ठीवर तीन ओळी : काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. नाव लिहायचं नाही. आणि घराचा जबाबदार माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर द्यायचं हे माझं काम. ‘उत्तर आलं न्हाई की लोक लिहायचं सोडतेत, सर,’ असं त्यांनी बजावलं. आमच्याकडे लिहिणंच सुरू झालं नाही. साडूभाऊ दर महिन्याला लातूरहून येत, पेटी उघडत, आत बायकोनं ठेवलेलं विजेचं बिल तेवढं निघे, ते बघून पुन्हा ठेवून देत. मी वर्गात त्यांची नक्कल करत असे. पोरं लोळत.

मागच्या हिवाळ्यात मेहुणीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि माझी बायको आठ दिवस लातूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं सासूबाईंना डॉक्टरांना दाखवून आणलं. घरात मी, सासूबाई आणि स्वयंपाकाला येणाऱ्या गयाबाई. गयाबाई हिमायतनगरकडच्या. अकरा वर्षं आमच्याकडे आहेत, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी तीन घरांच्या पोळ्या त्यांच्या हातच्या. बायको गेल्यावर दुसऱ्याच सकाळी मी शर्टाची बटणं लावत दारात उभा होतो, तेव्हा त्या गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘सर, आजीच्या बीपीच्या गोळ्या वाढल्यात बरं का.’ मी ‘बरं’ म्हणालो आणि शाळेत गेलो. त्या दिवसापासून सासूबाईंना एकीच्या जागी दोन गोळ्या द्यायला लागलो. डॉक्टरांच्या फायलीत बायकोनं आणून ठेवलेलं नवं पाकीट होतंच. मी ते फोडलं. गयाबाईंनी नवं पाकीट बघितलं आणि त्या समाधानानं पोळ्या लाटायला बसल्या. सासूबाईंनी दोन्ही गोळ्या जावयावरच्या विश्वासानं गिळल्या.

चौथ्या दिवशी पूजेवरून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या देव्हाऱ्याजवळच खाली बसल्या. बीपी पार उतरलं होतं, गोळ्या दुप्पट गेल्यानं, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या बाकावर बसून मी इतका घाबरलो होतो, की समोरच्या भिंतीवरचं मराठीही मला वाचता येईना. त्या बऱ्या होऊन घरी आल्या त्याच सकाळी, फोनवर सगळं ऐकून, बायको आणि साडूभाऊ लातूरच्या गाडीनं येऊन पोचले. बायकोनं पिशवीही खाली ठेवली नाही.

‘डबल गोळ्या कोणी दिल्या?’

‘गयाबाईंनीच सांगितलं,’ मी म्हणालो. ‘डॉक्टरांनी वाढवल्यात म्हणून.’

गयाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. ‘म्या डाक्टरचं नाव बी काढलं न्हाई, सर.’

‘मग मी खोटं बोलतोय का?’

मी मोठ्यानं बोललो. वर्गात बोलतो तसा. बायको म्हणाली, ‘गयाबाई, औषधात असा घोळ चालत नाही. उद्यापासून येऊ नका.’ गयाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवी उचलली. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘ताई, काम जाऊ द्या. पण औषधात घोळ केला म्हणू नगा. गल्लीत कोन उभं करंल मला मग?’

‘थांबा,’ साडूभाऊ म्हणाले. ते इतका वेळ पेटीजवळ उभे होते. ‘कोणी ते राहू द्या. काय झालं?’

मग त्यांनी आम्हांला नाटक करायला लावलं. मला दारात उभं केलं, बटणं उघडायला लावली, गयाबाईंना गॅसपाशी. जे शब्द होते तेच म्हणायचे, कमी नाही, जास्त नाही. गयाबाई म्हणाल्या, ‘सर, आजीच्या बीपीच्या गोळ्या वाढल्यात बरं का.’ साडूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. ‘असंच होतं का, सर? डॉक्टर शब्द होता?’

तेव्हा मला जी लाज वाटली तिला माझ्याकडे शब्द नाही. ‘नव्हता,’ मी म्हणालो.

‘वाढल्यात म्हंजी काय, गयाबाई?’

‘सरल्यात की वो! पाकीट रिकामं झालतं.’

‘मग तसं का न्हाई म्हणलं?’

गयाबाईंनी आतल्या खोलीकडं नजर टाकली. उत्तर तिथूनच, पलंगावरून आलं. सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण हुकूम जुनाच. ‘माझ्या घरात संपलं, सरलं म्हणायचं नाही! मीठ वाढलं म्हणायचं, तांदूळ वाढले म्हणायचं. पहिल्याच दिवशी बजावलंय मी तिला.’

आता माझी गोष्ट ऐका. नारळ फुटत नाही, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातलं कुंकू संपत नाही, वाढतं. हा पाठ मी नववीला दर वर्षी शिकवतो. फळ्यावर यादी काढून देतो. परीक्षेत विचारतो. ज्यांना येत नाही त्यांना वर्गाबाहेर काढलेलं आहे.

साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं : धोका, ‘वाढणे’ हा शब्द. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं, की औषधापुरतं तरी ‘संपलं’ म्हणावं. सासूबाईंनी तो उपाय पलंगावरूनच फेटाळला. शेवटी ‘गोळ्या आणायच्यात’ या तीन पक्षांना मान्य वाक्यावर तह झाला. बायकोनं गयाबाईंच्या हातातली पिशवी काढून घेतली. ‘म्हणजे चूक कोणाचीच नाही का, भाऊजी?’ तिनं विचारलं.

‘चूक हाय की. पण एकट्या माणसाची न्हाई.’

मला वाटलं, सुटलो. पण गॅलरीत गाठून ते हळूच म्हणाले, ‘सर, गोळ्या दोन दिल्या ती चूक. पण ते डॉक्टर म्हणून तुम्ही मागून घातलं ना? ते बी चुकूनच का? चुकीला माफी हाय आमच्या नियमात. जाणूनबुजून केलं त्याला न्हाई.’ मी शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावू लागलो. ‘मला सांगू नका,’ ते म्हणाले. ‘चिठ्ठी टाका. न्हाईतर ज्याला सांगायचं त्याला सांगा.’

मी दोन्ही केलं. गयाबाईंपुढं जाऊन म्हणालो, ‘बाई, डॉक्टर हा शब्द माझा. स्वतःला वाचवायला घातला. माझं चुकलं.’ त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या सर, पोळी गरम हाय,’ आणि ताट पुढं केलं.

पुढच्या आठवड्यात जबाबदार माणूस या नात्यानं मी पेटी उघडली. एक चिठ्ठी माझी. एक गयाबाईंची, वाकड्या अक्षरात, गॅसची नळी जुनी झाल्याबद्दल. आणि तिसरी. नाव नव्हतं, पण इतकं सुबक, मोजून काढल्यासारखं अक्षर आमच्या घरात कोणाचं नाही.

‘काय झालं : पाळी बदलताना मी सोबत्याला म्हणालो, वो पॅनल हो गया. म्हणजे पंखाखालचं झाकण उघडून झालं. तो समजला, लावून झालं. त्यानं सही केली. विमान निघायच्या आत तिसऱ्याच्या नजरेस आलं. सगळे वाचले. कसं झालं : साहेबानं विचारलं, कोणी केलं? सही त्याची होती. मी माझे शब्द सांगितले नाहीत. त्याची नोकरी गेली, तो बिदरला परतला. तेव्हा हा नियम नव्हता. पुन्हा होऊ नये म्हणून काय : काय झालं, कसं झालं, एवढंच विचारत असतो.’

मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. ज्या वहीची मी वर्गात टिंगल केली, ज्या पेटीत आम्ही विजेची बिलं कोंबली, ती उघडायला हा माणूस दर महिन्याला लातूरहून का येत होता ते आता कळलं. आणि नियमानं मला पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्यायचं होतं. मराठीचा मास्तर असून मला चार वाक्यं जमेनात. शेवटी मी एकच शब्द लिहिला आणि कागद पेटीत टाकला.

पुढच्या महिन्यात साडूभाऊ आले, चप्पल काढून सरळ पेटीपाशी गेले. चष्मा लावून त्यांनी माझा कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, ‘वाचलं.’

त्यांनी तो चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, खिसा एकदा वरून चाचपला, आणि गयाबाईंना म्हणाले, ‘बाई, चहा टाका. साखर वाढली न्हाई ना?’