काळ्या मेंढ्यावरची गुनिल्डा

आमच्या होल्मस्टो गावात जमीन कुणाचीच नाही, सगळी किल्ल्यातल्या जहागीरदाराची. आम्ही त्याच्या शेतात राबायचं आणि त्या बदल्यात आपापली पट्टी कसायची. गुनिल्डाचा नवरा गेला तेव्हा त्याची पट्टी रिवाजाने तिच्याकडे आली, पण विधवा एकटी राहील तोवरच. बाई मोठी खमकी. नवऱ्याच्या वाटची जहागीरदाराची नांगरट तीच करायची, बैल अडला तर त्याला शिव्या घालायची, आणि संध्याकाळी तिच्या हातची बिअर प्यायला अर्धं गाव तिच्या दारात जमायचं.

त्यातला छपरं शाकारणारा ऑस्बर्ट एकदा घरी जायचा राहिला. सकाळी त्याला तिच्या दारातून निघताना जहागीरदाराच्या कारभाऱ्याने पाहिलं. मेल्याला ती पट्टी कधीची आपल्या मेव्हण्याच्या घशात घालायची होती. बाई एकटी राहिली नाही, जमीन गेली, असं त्याने सांगून टाकलं.

पण रिवाज म्हणजे काही त्याच्या बापाची मिरास नव्हे. आमच्याकडे अशा विधवेला एक वाट ठेवली आहे. काळ्या मेंढ्यावर उलटं बसायचं, शेपूट धरून किल्ल्यातल्या भर दरबारात, कारभारी आणि पंचांसमोर यायचं आणि आपली चूक मोठ्याने सांगायची. मग जमीन परत. माझ्या आठवणीत हे कुणी केलं नव्हतं. लाजेपायी बायकांनी जमिनी सोडल्या होत्या, माझ्या सख्ख्या मावशीनेसुद्धा. कारभारी त्याच भरवशावर होता.

"अगं, गाव हसेल," मी तिला म्हटलं.

"हसू दे. लाज पेरली तर गहू उगवतो का?"

ऑस्बर्टने शेजारच्या गावातून काळा मेंढा उसना आणला. दरबाराच्या दिवशी मी पहाटेच जाऊन पुढची जागा धरली. आणि आली की हो ती! मेंढा उधळलेला, त्याचं तोंड पुढे, बाईचं मागे. बाकं उलथली, पाद्रीबाबा भिंतीला चिकटले, मेंढा थेट कारभाऱ्याच्या टेबलावर जाऊन धडकला. लोक पोट धरधरून हसत होते. तिने शेपूट सोडलं नाही.

"ऑस्बर्ट माझ्याकडे राहिला होता," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मीच त्याला राहा म्हटलं. चुकले. आता माझी जमीन द्या."

हसणं थांबलं. कारभाऱ्याने मेंढ्याच्या रंगावरून खुसपट काढून पाहिलं, पण पंचांतले सगळ्यात म्हातारे थर्स्टन आजोबा म्हणाले की रिवाज पुरा झाला, जमीन बाईची. जमीन देताना हातात काठी द्यायची असते, ती कारभाऱ्याने दातओठ खात तिच्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाईलाच मिठी मारली, आणि आमचं तर वर्षभर बोलणं नव्हतं.

गुनिल्डा दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"आजोबा, हे किती वेळा करता येतं, तसं काही रिवाजात आहे का?"

आजोबांनी दाढी खाजवली. "नाही बाई. तसं काही ऐकलं नाही कधी."

"मग हा मेंढा मी विकतच घेते," गुनिल्डा म्हणाली.