कुशल हाय की!

नजीरा सुट्टीवर गेली की ते अख्ख्या शिरोली एमआयडीसीला कळायचं. फाट्यावर विजयसिंहांचं बर्गरचं दुकान आहे. तिथं काउंटरमागच्या खिळ्याला एक पाटी भिंतीकडं तोंड करून टांगलेली असायची. नजीरा आली नाही की मालक ती स्वतःच्या हातानं फिरवायचे. ‘भाभी सुट्टीवर. आज फ्राईज मिळणार नाहीत.’ एकदा त्यांनी तिच्या माघारी फ्रायर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन बघितला होता. बटाटा बाहेरून काळा आणि आतून कच्चा निघाला. फौंड्रीतून सुटलेल्या गिऱ्हाइकांनी मालकांचा असा काही उद्धार केला, की दुसऱ्याच दिवशी ही पाटी रंगवून आली.

एवढं असूनही पगाराच्या कागदावर नजीरा ‘हेल्पर’ होती. कुणाची हेल्पर, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही आणि मालकांनी ते सुचू दिलं नाही. फ्रायर तिचा, टिक्कीचा मसाला तिचा, नव्यानं आलेल्या पोरींना शिकवायची तीच. तिचा नवरा दिलदार एका फौंड्रीत साचे भरायचा. त्याची कंबर गेली आणि तो घरी बसला, तेव्हापासून दुकानात यायच्या आधी ती भाकरीच्या ऑर्डरी करायची. तव्यावरून उठायचं ते थेट फ्रायरपुढं उभं राहायचं. संध्याकाळी चपला पायात शिरायच्या नाहीत, इतके पाय सुजायचे.

अशात किमान वेतनाचे दर वाढल्याची बातमी आली. हॉटेल, खाणावळ, बर्गरवाले, सगळ्यांना ते लागू होते. पोरी खूश झाल्या. मालकांनी मात्र दुकान उघडताच सगळ्यांना गोळा केलं.

“दर वाढला, झ्याक झालं,” ते म्हणाले. “पर पैसा काय माझ्या परसात उगवत न्हाय. एक-दोघांस्नी घरी बसावं लागंल, आत्ताच सांगून ठेवतो.”

एवढं ऐकलं आणि नजीरानं ते स्वतःवरच घेतलं. सगळ्यात थोरली तीच, पायही तिचेच दुखणारे. घरी कोण बसणार हे काय वेगळं सांगायला हवं? तिथं उभं राहवेना म्हणून तिनं जाऊन फ्रायर पेटवला आणि वरचा पंखा चालू केला. तो पंखा म्हणजे नुसता घोंघाट. त्यामुळं मालकांचं पुढचं बोलणं तिला ऐकूच आलं नाही. आणि महत्त्वाचं तेच होतं. लेबर ऑफिसच्या मॅडम येणार आहेत, कामाचं विचारलं तर सगळ्यांनी ‘अकुशल’ असंच सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

दुपारी मॅडम आल्या. संयोगिता त्यांचं नाव. एकेकीला विचारत, लिहून घेत त्या फ्रायरपाशी पोचल्या आणि पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “मावशी, तुम्ही कुशल का?”

नजीराला एकदम भरून आलं. नेसरीच्या बाजारात तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. माप घ्यायच्या आधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, “कुशल हाय न्हवं?” अजूनही दर शुक्रवारी तिची बहीण सबिना नेसरीहून फोन करायची आणि पहिलं वाक्य हेच असायचं. सकाळपासून जिवाला घोर लागलेला, घासभर खाल्लेलं नाही, आणि ही अनोळखी सरकारी बाई आपली विचारपूस करते!

“कुशल हाय की!” नजीरा ओरडून म्हणाली. “अल्लाच्या मेहरबानीनं सगळं कुशल. तुमच्या घरी कसं हाय?”

मॅडम हसल्या. “आमच्याकडंही कुशल,” म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

मालकांचा चेहरा कच्च्या बटाट्यासारखा झाला. काउंटरवरची अनुजा पळत आली आणि नजीराच्या कानाला लागली. “भाभी, ह्ये काय केलंसा? कुशल म्हंजे कामात तरबेज. त्यास्नी सगळ्यात वरचा दर द्यावा लागतोय!”

सगळ्यात महागाची बाई म्हणजे सगळ्यात आधी घरी जाणारी बाई, एवढा हिशेब नजीरालाही येत होता. हातातला झारा तसाच धरून ती मॅडमच्या मागं धावली.

“मॅडम, चुकलं माझं. ते खोडा. मी अकुशल हाय.”

“खोडा, खोडा,” मालकांनी संधी साधली. “साधी हेल्पर हाय ती. तिचं काम कुणीबी करतंय.”

मॅडम काउंटरमागं गेल्या. त्यांनी खिळ्यावरची पाटी सुलटी केली आणि सावकाश वाचली.

“मागच्या महिन्यात मी पोरांना घेऊन इथं आले होते. तेव्हा ही पाटी अशीच होती,” त्या म्हणाल्या. “पोरं रडत घरी गेली. काम कुणीही करत असेल, तर त्या दिवशी फ्राईज का नव्हत्या?”

अनुजाला हसू आवरेना, ती ओट्याखाली वाकली. मालकांनी पाटीकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. स्वतःच रंगवून आणलेली पाटी, दोष तरी कुणाला देणार?

“लिवा,” शेवटी ते म्हणाले. “कुशलच लिवा.”

मॅडम गेल्या. आता मात्र नजीराला धीर धरवेना. जे व्हायचं ते तोंडावर होऊ दे म्हणून तिनं विचारलंच, “मालक, मग मला काढणार?”

“तुमास्नी काढून ती पाटी काय जल्मभर टांगू व्हय?” मालक खेकसले.

“आनि ह्या पोरींस्नी?”

“त्यांस्नी काढून रविवारच्या गर्दीत काउंटरवर मी एकटा नाचू? सकाळी तोंडातनं गेलं, गेलं. बर्गरचा दर वाढवू, बघू. जावा, त्याल तापलंय तिकडं.”

नजीरा तेलाकडं गेली नाही. मागच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यावर बसून ती मनसोक्त रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सुजलेले पायसुद्धा घटकाभर दुखायचे थांबले.

घरी तिनं दिलदारला सगळं सांगितलं. पाटीचं ऐकून तो खदखदून हसला, मग कंबर धरत भिंतीला टेकला.

“मी एवढं साचं भरलं,” तो म्हणाला, “पर कागदावर हेल्परच ऱ्हायलो. एकानंबी कवा इचारलं न्हाय.”

नजीरानं त्याच्या कंबरेला तेल चोळून दिलं.

वाढीव पगार हातात आला आणि तिनं भाकरीच्या ऑर्डरी बंद केल्या. पहिल्या दिवशी सवयीनं पहाटेच डोळे उघडले, तेव्हा दिलदार चुलीपाशी बसून चहा ठेवत होता. “झोप,” तो म्हणाला. ती कूस बदलून खरंच झोपली.

शुक्रवारी सबिनाचा फोन आला. “नजीरा, कुशल हाय न्हवं?”

“हाय की,” नजीरा म्हणाली. “आता तर सरकारनं लिवून घेतलंय.”