पाणी पडेपर्यंतचं काम

पल्टणीतून पंधरा वर्षांनी परतलो तेव्हा मला वाटलं होतं, कामं माझी वाट बघत असतील. पूल बांधणाऱ्या तुकडीत मी हवालदार होतो. पूल दुसरेच बांधायचे. माणसं, लोखंड आणि जेवण वेळेवर एका जागी आणायचं, हे माझं काम. पण शिराळ्याच्या आसपास कुणालाही विचारलं की सवाल ठरलेला: "गवंडीकाम येतं का?" नाही. "पाण्याची मोटार जोडता येती का?" तेही नाही. सहा महिने असेच गेले.

बाजाराच्या दिवशी सगळी पंचक्रोशी गावात लोटायची, म्हणून मी चहाच्या हॉटेलात जाऊन बसायचो. एका चहावर अख्खी दुपार काढायचो. एका बाजारी एक गवंडी कुरकुरत होता, "मोटारीचं मापच मिळंना. ओटा बांधू कसा?" पुढच्या बाजारी सांगलीचा मोटारवाला भेटला. तो म्हणाला, "पंपाची खोली तयार नाही. मोटार काय उघड्यावर टाकू?" दोघं एकाच गावच्या पाणीयोजनेबद्दल बोलत होते. नदीचं पाणी वर रानात उचलायचं होतं आणि हे दोघे एकमेकांची वाट बघत बसले होते. मला आधी हसू आलं, मग राग. दुष्काळ नुकता सरलेला, आणि रानाचं पाणी मोटारीच्या मापाच्या वीतभर कागदापायी अडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पाणीयोजनेच्या चेअरमनना त्यांच्या घरी गाठलं. ते पायरीवर तंबाखू मळत होते.

"तुमाला नेमकं काय येतं?" त्यांनीही तेच विचारलं.

माझं डोकं फिरलं. "मला काय बी येत न्हाई. पण तुमचं काम कुठं अडलंय, ते म्हाईत हाय." आणि हॉटेलात ऐकलेलं सगळं सांगून टाकलं.

त्यांचा अंगठा थांबला. "आवं, हे आमाला कुणी बोललंच न्हाई."

"दोघांस्नी एका जागी बसवून कवा इचारलं का?"

तंबाखू झटकून ते उठले आणि म्हणाले, "पाणी पडंस्तवर काम तुमचं. पाणी पडलं की तुमी मोकळं."

त्याच दिवशी एस.टी.नं सांगलीला जाऊन माप आणलं. पुढं वायरमन, पाइप, खडी, सगळी गाठ बाजाराच्या दिवशी त्याच हॉटेलात पडायची. वायरमनशी दोनदा भांडलो. त्यात एकदा चूक माझीच होती.

चार महिन्यांनी पाटात पाणी पडलं. चेअरमननी नारळ फोडला. बायकोही बघायला आली होती. मला फार आनंद झाला, आणि त्याच घटकेला ध्यानात आलं: झटून झटून मी आपलीच भाकरी संपवली होती. बायकोनं ते ओळखलं. "आवं, परवा बाजार हाय की," ती म्हणाली.

बाजारी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलो. चहा सांगायच्या आत पाटणकडचे एक अनोळखी म्हातारबा समोर येऊन उभे राहिले.

"आमची शाळा दोन वर्सं अर्धीच उभी हाय," ते म्हणाले. "काय बी येत न्हाई असं म्हणत्यात, ते तुमीच का?"

"व्हय," मी म्हणालो, त्यांना बसायला जागा करून दिली आणि दोन चहा सांगितले.