सावलीच्या वेळी गॅस बंद

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. परक्या देशातल्या एका भाड्याच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात वहिनी उकडलेल्या बटाट्यांची सालं काढत होत्या. चटका बसला की हात गार पाण्यात, मग पुन्हा बटाटा. बाहेर मैदानावर सव्वीस प्रवासी दुर्बिणींच्या तिपायांचे स्क्रू पिळत होते. साडेअकराच्या सुमारास खग्रास सूर्यग्रहण होतं.

त्या खऱ्या वहिनी फक्त सहल काढणाऱ्याच्या. धाकटा दीर ग्रहणाच्या सहली काढतो. माणसं परदेशात उपाशी राहायला तयार असतात, पण बेचव खायला नाही, हे त्याला पहिल्याच सहलीच्या वेळी उमगलं, म्हणून थोरल्या भावाची बायको स्वयंपाकाला बरोबर आली. पुढे सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले.

वय चौपन्न. आजवर तीन सहली, तीन ग्रहणं, पाहिलेलं एकही नाही. पहिल्या वेळी चहाचं आधण सोडून हलता आलं नाही. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघर तळघरात होतं. जिना चढून येईपर्यंत ऊन पडलं होतं. तिसऱ्या वेळी त्या मैदानात पोचल्या, तर एका काकांची साखर उतरली. सूर्याकडे पाठ करून वहिनी त्यांना केळं भरवत बसल्या. घरी नवऱ्याने विचारलं, "मग, काय दिसलं?"

"काकांचे दात."

यंदा निघण्याआधीच त्यांनी दिराला बजावलं होतं, "भाऊजी, सावलीच्या वेळी गॅस बंद आणि मी बाहेर. जमत असेल तर येते, नाहीतर दुसरी बघा."

"अहो, त्यात काय एवढं!" दीर हसून म्हणाला होता.

साडेनऊला पश्चिमेकडून ढग आले. दहापर्यंत सूर्य दिसेनासा झाला. दीर फोनमध्ये डोकं घालून फेऱ्या मारत होता. पूर्वेला तासाभरावर आकाश मोकळं होतं. त्याने बस दाराशी आणवली आणि स्वयंपाकघरात डोकावला.

"वहिनी, आम्ही जरा पुढे जाऊन बघून येतो. तुम्ही जेवणाचं बघा. आलो की गरमागरम वाढा."

मोठ्या पातेल्यात भात अर्धा शिजला होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग दिराकडे, आणि गॅस बंद केला.

"वहिनी, भात!"

"राहू दे."

"अहो, सव्वीस माणसं जेवायची आहेत."

"बटाटे झालेत, पाव आहे, केळी आहेत. धरा ती पिशवी."

"लोक मला फाडून खातील."

"मग तर भाताची गरजच नाही. चला."

बसमध्ये एका निवृत्त मास्तरांनी नाराजी दाखवली. गार जेवण त्यांना पोटाला बाधतं. "मास्तर, आज बाधू दे," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या. पिशवी त्यांनी दिराच्या मांडीवर ठेवली होती.

रस्त्याकडेच्या गोदामासमोर बस थांबली तेव्हा सूर्याची कोर उरली होती. वहिनी माणसांपासून वीस पावलं लांब, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. ग्रहणाचा काळा चष्मा लावला. ऊन होतं, पण त्यातली ऊब गेली होती. भिंतीवरची सावली सुरीने कापल्यासारखी धारदार झाली. मग कोर विझली. मागून कोणीतरी "चष्मे काढा!" असं ओरडलं.

सूर्याच्या जागी काळी चकती होती, भोवती पांढरे झोत, एका बाजूला लांब, दुसरीकडे आखूड. क्षितिजावर चहूकडे संध्याकाळसारखा तांबूस पट्टा.

"वहिनी, पाण्याची बाटली कुठंय?" मास्तर होते. घशाला कोरड पडली होती.

वहिनींनी मान वळवली नाही.

"वहिनी?"

"नंतर."

 मास्तरांनीही वर पाहिलं. चकतीच्या कडेला एक ठिणगी पेटली आणि लख्ख उजेड झाला. वहिनींनी चष्मा पुन्हा लावला, पदराने तोंड पुसलं आणि बसकडे गेल्या. बाटली बसमधल्या दुसऱ्या एका पिशवीत होती. ती त्यांनी मास्तरांना दिली आणि पाव वाटायला घेतले. कोणी कुरकुर केली नाही.

"पुढच्या सहलीला मदतीला आणखी एक बाई घेऊ," दीर पाव चावत म्हणाला.

"घ्या. पण अट दोघींचीही तीच."

उद्या विमान दुपारचं आहे. बस साडेनऊला निघेल. वहिनींचा चहा सातला, नाश्ता आठला.