गुडघ्याला जागा

दौंडच्या कॉलेजात मला हॉस्टेलची खोली मिळाली ती हॉकी संघातल्या जागेवर. गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी हात वर केला होता. संघातून नाव गेलं की खोली जाणार, आणि मांडवगणहून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे कॉलेजच सुटणार. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

रेल्वे कॉलनीच्या पोरांशी सामना होता. आमचे हॉकीचे सर म्हणाले, "आज चौथा गोल खाल्लास तर दुसरा गोलकीपर बघतो."

पायांचे पॅड प्रथमच स्वतः बांधले. प्रत्येकाला मागून चार चामडी पट्टे. आमचे आबा मेंढरांमागं फिरायचे तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादताना सांगायचे, "ढिलं ऱ्हायलं की वाटंत सांडतं." मी सगळे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले. बकलं बाहेरच्या अंगाला ठेवली, तेवढं मात्र बरोबर केलं.

पहिला बॉल डावीकडून आला आणि गुडघा वाकलाच नाही. मी आडवा पडलो, बॉल आत. दुसरा हनुवटीवर आदळून आत गेला, दुसरा गोल. तोंडात रक्त आलं, एक दात हलला.

"ए मेंढक्या, खांब तरी हलंल, तू हलंना!" त्यांचा उंच फॉरवर्ड ओरडला. तिसरा गोल झाल्यावरही त्यानं, मी खाली पडलेला असताना, बरगडीत स्टिक घातली. मला श्वास घेता येईना.

सर धावत आले. त्यांनी आधी माझे पाय पाहिले.

"हे कुणी बांधलं?"

"मीच, सर."

"पाय हायेत का मुडदा आवळलाय? घोट्याचा घट्ट ठेव. वरचे सैल. गुडघ्याला जागा दे!" त्यांनी वरचे पट्टे स्वतःच सैल केले आणि खाली दोन बोटं घालून पाहिली. पोटऱ्यांत मुंग्या धावल्या.

थोड्या वेळानं तोच फॉरवर्ड एकटा बॉल घेऊन आला. मी पुढं गेलो, गुडघा वाकला, बॉल पॅडवर आपटून बाजूला गेला. गोल वाचला होता. तिथंच थांबायचं होतं. हे कसं लिहावं कळत नाही, पण बॉल गेलेला मला स्पष्ट दिसला होता. तरी मी पाय मागं नेला आणि सगळा जोर लावून त्याच्या नडगीवर हाणला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो मुरमावर लोळत "आई गं, आई गं" करत राहिला.

सरांनी मला विचारलं, "बॉललाच मारलंस ना?"

"व्हय, सर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नाव संघात राहिलं, खोलीही राहिली.

त्याला जीपमध्ये घालताना चौघांना तो आवरेना. मी पॅडसकट धावलो आणि त्याचा मोडलेला पाय खालून धरायला गेलो.

"तू हात लावू नको," तो म्हणाला.