बोटीचं बूच

आमच्या कसबा बावड्यातल्या पूर-बचाव पथकात एक गॅरेजवाले आहेत. साधं 'चहा घ्या' म्हणायचं तरी भांडायला आल्यासारखे मोठ्यानं बोलतात. पथकाची छोटी जेट बोट तेच सांभाळतात. काठावर आणल्यावर आतलं पाणी सोडायला तिच्या तळाशी मागं एक भोक आहे आणि त्याला आधी रबरी बूच होतं.

गेल्या पुरात एका म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन येताना ते बूच निसटलं. पाणी आत येऊ लागलं. यांनी भोकावर टाच दाबून धरली आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात विचारलं, "आज्जी, म्हस कुणाकडं ठेवलीया?"

"लेकीकडं न्हेलीया," आजी म्हणाल्या. काठ येईपर्यंत म्हशीचंच बोलणं चाललं. आजींना काही कळलंच नाही.

पाणी ओसरल्यावर त्यांनी आटे पाडलेलं पितळी बूच करून आणलं आणि साखळीनं बोटीला जखडलं. मी म्हटलं, "नवं रबर बसवलं असतं तरी चाललं असतं की."

"चाललं असतं," ते म्हणाले. "पर पुढच्या खेपंला बोटीत मी असीनच असं न्हाय."