धुक्यात बंद पडलेलं इंजिन

मित्रांनो, दुपार टळली तरी सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी भोपाळच्या मोठ्या तलावावर एका मोटरबोटीवर मदतनीस आहे. आज सकाळी दाट धुकं होतं. कोलार रोडचं एक जोडपं लहान मुलीला घेऊन फेरीला आलं. बोट चालवणाऱ्या सलीमचाचांनी गारठलेलं इंजिन सुरू केलं आणि लगेच वेग वाढवला.

मी मागे पाहिलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी बारीक धारेने बाहेर पडतं. ती धार नव्हती.

"चाचा, रुकिए, पानी नहीं आ रहा."

"अरे मियाँ, इतनी ठंड में इंजन गरम होगा क्या? तू तो बारात में भी हेलमेट पहनेगा."

सगळे हसले. मीही हसलो.

तलावाच्या मध्यावर जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं. चहूकडे नुसतं पांढरं.

"पापा, किनारा कहाँ गया?" मुलीने विचारलं.

तेवढ्यात धुक्यातून दुसऱ्या बोटीचा आवाज आमच्याच दिशेने येऊ लागला. आम्ही इथे आहोत हे त्यांना कळावं म्हणून मी वल्ह्याने बोटीचा पत्रा बडवत सुटलो. ती बोट अगदी जवळून वळली. मग तिनेच आम्हाला ओढून काठावर आणलं.

इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर निर्माल्याची पिशवी चिकटली होती. थंड पाण्यातही इंजिन जळतं. धार दिसल्याशिवाय निघू नये.

उद्या हँडल पुन्हा चाचांच्याच हातात असेल. वडिलांच्या वयाच्या माणसाचा हात धरून तुम्ही त्याला थांबवू शकता का? मला उद्या ते जमायलाच हवं. डोळे मिटले की तो आवाज अजून जवळ येतोय.